ई-20चे प्रमाण ठरते लोडिंग बेवर

ई-20मुळे, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे, गाडीचे ॲव्हरेज किती घटते यावर बरीच वादावादी झाली. पण टँकरमध्ये इथेनॉल 20 टक्केच गेले, हे ठरवते कोण? मनमाडजवळच्या पानेवाडीसारख्या इंधन डेपोत ते ठरते लोडिंग बेवरच्या, म्हणजे टँकर भरण्याच्या जागेवरच्या, बॅच कंट्रोलरमध्ये.

12,000 लिटरच्या टँकरमागे 2,400 लिटर इथेनॉल. मीटर प्रत्येक लिटरला ठरावीक पल्स पाठवतो, कंट्रोलर त्या मोजून व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो. लिटरला किती पल्स, हा आकडा यंत्रणा बसवताना माणूसच भरतो. तो चुकला तर पडद्यावर 20 दिसेल, कागदावरही 20 छापले जाईल. टँकरमध्ये मात्र वेगळेच प्रमाण असेल. म्हणून प्रमाणित मापाच्या टाकीत प्रत्यक्ष इंधन सोडून मीटर पडताळावा लागतो.

सुरक्षेचेही तसेच. अर्थिंगचा क्लॅम्प लागल्याशिवाय भरणी सुरू होता कामा नये. नळीचे तोंड इंधनात बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरच्या आत हवा, नाहीतर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. हे सगळे कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये असते.

सेटिंग आणि जोडणी इतकी महत्त्वाची का, ते इंग्लंडच्या बन्सफील्ड इंधन डेपोने दाखवले. 11 डिसेंबर 2005च्या पहाटे तिथल्या साठवण टाकीचा पातळीमापक अडकला आणि पेट्रोल वर चढतच राहिले. शेवटचा आधार होता स्वतंत्र हाय-लेव्हल स्विच. त्याची चाचणीची दांडी योग्य जागी राहावी म्हणून तिला एक छोटे कुलूप लावायचे होते. त्याचे महत्त्व कुणाला नीट समजलेच नव्हते, त्यामुळे ते लावले गेले नाही. स्विच गप्प राहिला, टाकी उतू गेली, स्फोटात 40हून अधिक लोक जखमी झाले. उपकरण विकत घेतले होते, जागेवर बसवलेही होते. ते काम मात्र करत नव्हते.

आपल्याकडे 29 ऑक्टोबर 2009च्या जयपूर डेपोच्या आगीत 11 जणांचा बळी गेला. त्यानंतर चौकशीसाठी नेमलेल्या एम. बी. लाल समितीने ऑटोमेशनवर भर दिला. ऑटोमेशन हवेच, पण नुसत्या खरेदीने भागत नाही. प्रत्येक बेवर क्लॅम्प काढून भरणी थांबते का, टँकर उतू जाऊ नये म्हणून असलेला सेन्सर भिजवून व्हॉल्व्ह बंद होतो का, हे प्रत्यक्ष करून पाहिले पाहिजे. सेटिंग बदलण्याचा पासवर्ड मोजक्याच हातांत हवा आणि प्रत्येक बदलाची नोंद सहीनिशी व्हायला हवी. ई-20वर लोकांचा विश्वास बसवायचा असेल, तर तेल कंपन्यांनी या चाचण्यांचे निकाल जाहीर करावेत.