यंत्राचें ध्रुपद

आरतीच्या पुस्तकांत पहिल्या कडव्यापाशीं ध्रुपद सबंध छापलेलें असतें. पुढील कडव्यांखालीं नुसतें 'धृ' एवढेंच अक्षर. म्हणणारा त्या खुणेपाशीं येतो, मागें जाऊन ध्रुपद म्हणतो आणि न चुकतां पुढच्या कडव्यावर परततो. मात्र कोठें परतावयाचें हें ध्रुपदांत लिहिलेलें नसतें, व लिहितांहि येणार नाहीं. कारण तें स्थान दर खेपेस निराळें असतें. तें म्हणणाऱ्यानेंच स्मरणांत ठेवावयाचें.

इंटेल कंपनीनें १९८० सालीं काढलेला ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. त्याची स्मरणाची रीत पाहूं. समजा, वरुडकडील संत्र्याच्या बागेंत विहिरीवरचा पंप तो चालवीत आहे. वीज आली कीं कांहीं वेळ थांबावें. पंप लावल्यावर थांबून पाणी चढलें कीं नाहीं तें पाहावें. न चढल्यास पंप बंद करून पुनः थांबावें. थांबण्याच्या आज्ञा एकदांच लिहून त्यांस तीन ठिकाणांहून बोलावितात. असा हा आज्ञासमूह म्हणजे सबरूटीन, आणि बोलावण्याची आज्ञा 'एलकॉल'.

ही आज्ञा तीन बाइटांची. ती वाचली जातांच प्रोग्रॅम काउंटर तीननें पुढें सरकतो. म्हणजे आतां त्यांत पुढल्या आज्ञेचा, अर्थात् परतीचा, पत्ता असतो. मग स्टॅक पॉइंटर एकनें वाढतो व पत्त्याचा खालचा बाइट तेथें ठेविला जातो. पुनः एकनें वाढतो व वरचा बाइट ठेविला जातो. त्यानंतरच काउंटरमध्यें सबरूटीनचा पत्ता भरतात. शेवटची 'रेट' ही आज्ञा तेच दोन बाइट उलट क्रमानें काढून काउंटरमध्यें घालते. घड्याळ १२ मेगाहर्ट्झचें असल्यास जाण्यास २ मायक्रोसेकंद आणि येण्यास तितकेच लागतात. जवळच, त्याच २ किलोबाइटांच्या पट्ट्यांत जावयाचें असेल तर दोन बाइटांची 'एकॉल' पुरते.

एका सबरूटीननें दुसऱ्यास बोलाविलें तरी घोटाळा होत नाहीं. स्टॅक ही अकोल्याच्या जिनांतील गाठींची थप्पीच समजा. शेवटीं ठेविलेली गांठ आधीं निघते. पण थप्पीला शिस्त हवी. सबरूटीननें 'पुश' करून एखादा आंकडा ठेविला आणि 'पॉप' करावयाचें राहून गेलें, तर 'रेट' त्या आंकड्यालाच पत्त्याचा भाग समजते. यंत्र भलत्याच ठिकाणीं जातें. विहीर आटली तरी पंप फिरतच राहतो, आणि मिस्त्री बिचारा स्टार्टर बदलीत बसतो! दुसरें असें कीं, आरंभीं स्टॅक पॉइंटर ०७ वर असल्यामुळें पहिला बाइट ०८ या घरांत पडतो. दुसऱ्या रजिस्टर-गटाचें पहिलें घरहि तेंच. तो गट वापरावयाचा असेल तर स्टॅक आधींच वर हलवावा.

ही सोय आरंभापासून नव्हती. केंब्रिज येथील एडसॅक यंत्र १९४९ सालीं चालूं झालें, तेव्हां त्याला अशी आज्ञाच नव्हती. डेव्हिड व्हीलर यांनीं युक्ति काढली : बोलावणाऱ्यानें आपला ठावठिकाणा संचायकांत ठेवून जावें, आणि सबरूटीननें त्यावरून आपली शेवटची आज्ञा स्वतःच घडवावी. यांत परतीची जागा एकच. म्हणून सबरूटीनला स्वतःस बोलावतां येत नसे. आजच्या कांहीं लहान पिक मायक्रोकंट्रोलरांत अशीं आठच घरें असतात, आणि नववा पत्ता आला कीं तो पहिल्याला मुकाट्यानें पुसून टाकतो.