सॉक्रेटिसची खंडनपद्धती आणि औंढा नागनाथ येथील एक प्रश्न

ग्रीक तत्त्वज्ञानाच्या अध्यापनात सॉक्रेटिसची प्रश्नोत्तरपद्धती, प्लेटोची द्वंद्वपद्धती आणि ॲरिस्टॉटलची तर्कपद्धती अशी तीन नावे विद्यार्थ्यांच्या वहीत उतरतात आणि बहुधा तेथेच थांबतात. ‘सॉक्रेटिस प्रश्न विचारीत असे’ एवढ्याने त्याची पद्धती स्पष्ट होत नाही. प्रश्न तर परीक्षकही विचारतो. खंडनासाठी वापरलेली विधाने कोणाची, हा खरा मुद्दा आहे.

प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादाचे उदाहरण घेता येईल. स्वतःच्या पित्यावर मनुष्यवधाचा खटला भरण्यास निघालेला युथिफ्रो आपले कृत्य पवित्रच आहे, असे ठामपणे सांगतो. झ्यूसनेही आपल्या पित्याला बंदिस्त केले होते, असा दाखला तो देतो. देवांमध्ये कलह होतात, हेही तो मान्य करतो. पुढे ‘देवांना प्रिय ते पवित्र’ अशी व्याख्या तो करतो. तेव्हा सॉक्रेटिस त्याच्याच मान्यतेकडे बोट दाखवितो: देव भांडत असतील, तर एकच गोष्ट एका देवाला प्रिय व दुसऱ्याला अप्रिय ठरेल, म्हणजे तीच पवित्र आणि तीच अपवित्र. येथे सॉक्रेटिसने आपले एकही मत पुढे केलेले नाही. उत्तरदात्याने स्वतः दिलेल्या विधानांतूनच विसंगती बाहेर काढणे, हेच एलेंकस म्हणजे खंडन होय.

हे तंत्र हिंगोली जिल्ह्यातील वाचकास अगदीच अपरिचित नाही. नर्सी हे संत नामदेवांचे (इ.स. १२७०-१३५०) जन्मगाव मानले जाते. त्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे नामदेव व विसोबा खेचर यांची भेट झाल्याची कथा सर्वश्रुत आहे. पिंडीवर पाय ठेवून पहुडलेल्या विसोबांना नामदेवांनी पाय काढण्यास सांगितले. त्यावर ‘जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव’ असे उत्तर मिळाले. कथेतील चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला, तर शुद्ध खंडन उरते. देव सर्वव्यापी आहे हे भक्ताला मान्यच आहे. आणि ‘पाय दुसरीकडे ठेवा’ या सांगण्यात दुसरीकडे देव नाही, हे गृहीत आहे. दोन्ही विधाने नामदेवांचीच.

साम्य मात्र येथवरच. (ही परंपरेने जपलेली कथा आहे, ऐतिहासिक नोंद नव्हे, याचेही भान असावे.) औंढ्याच्या प्रसंगाचा शेवट अनुभूतीत आणि गुरुकृपेत होतो. युथिफ्रो मात्र घाईचे निमित्त सांगून निघून जातो. पावित्र्य म्हणजे काय, हे अनिर्णितच राहते. या अवस्थेस ग्रीक भाषेत अपोरिया म्हणतात. वाट खुंटणे हाच तिचा शब्दशः अर्थ.

मग ही वितंडा नव्हे काय? न्यायसूत्रांनी वाद, जल्प व वितंडा असे कथेचे तीन प्रकार मानले असून स्वपक्षस्थापना न करता केवळ परपक्षाचे खंडन करणे म्हणजे वितंडा. बाह्य रूप पाहता सॉक्रेटिसवर हा आक्षेप येतोच. परंतु वितंडेचे लक्ष्य जय असते. सॉक्रेटिसचे लक्ष्य उत्तरदात्याच्या जीवनाची परीक्षा हे होते. म्हणूनच ‘जे खरोखर वाटते तेच सांग’ असा त्याचा आग्रह असे. हेतूने तो वादाच्याच जवळ जातो.

अपोरियातून बाहेर पडण्याचा एक मार्ग प्लेटोने गृहीतक मांडून त्याचे परिणाम तपासण्यात शोधला. ॲरिस्टॉटलने तर अपोरियालाच आरंभबिंदू केले. ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या सातव्या ग्रंथात तो आपली रीत सांगतो: प्रथम प्रचलित व प्रतिष्ठित मते मांडावीत, मग त्यांतील अडचणी तपासाव्यात आणि शक्य तेवढी मते राखावीत. योग्य काय ते कळूनही मनुष्य अयोग्य का वागतो, या प्रश्नावर त्याने ही रीत चालविली. असे घडतच नाही, हे सॉक्रेटिसचे मत उघड अनुभवाशी विसंगत आहे, असे तो प्रारंभीच नोंदवितो. विवेचनाच्या अखेरीस मात्र, वासनेच्या भरात खरे ज्ञान ओढले जात नाही, या अर्थी त्या मताचा एक अंश तो राखून ठेवतो.