नवा संगणक आला, पण मराठी?



गेल्या आषाढात रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना आम्ही आरे-वारेच्या चढावर थांबलो. डाव्या हाताला समुद्र खवळलेला. खाली उतरलो, तर एक म्हातारबा होडीच्या आडोशाला जाळे शिवीत बसलेले. "काका, दर्यात कधी जाणार?" विचारले, तर म्हणाले, "नारळी पुनव होऊ दे की! तोवर जाळी शिवून होतील."

हे बोल मनात घर करून राहिले. कारण आमच्या कचेरीतही वाट पाहणेच चालले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज-१० चा नेहमीचा आधार संपला, म्हणून नवा संगणक घेतला. पण ज्या जुन्या प्रोग्रॅमवर हे वार्तापत्र जुळते, तो त्यावर चालेना. जुने अंक उघडले, तर दिवंगत सभासदांच्या नावांच्या जागी नुसता रोमन अक्षरांचा गोंधळ!

कारण असे की, जुन्या फाँटांत रोमन अक्षरांच्या घरात देवनागरी वळणे बसविलेली असत. फाँट गेला की मराठीही गेली. १९९१ साली युनिकोडने देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक दिले. 'क' चा क्रमांक २३२५. विंडोजमध्ये ही सोय २००० साली आली. पण पाने जुळविणारी साधने मागे राहिली. पेजमेकर तर शेवटपर्यंत युनिकोडवर आलाच नाही. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय झाली ती २०१२ च्या आवृत्तीत. म्हणजे एक तप गेले! तोवर जुन्याच फाँटांतील मजकुराचा ढीग वाढत राहिला.

प्रोग्रॅमची नवी आवृत्ती येईल तेव्हा येईल. तोवर हातावर हात ठेवून बसायचे नाही, असे आम्ही ठरविले आहे. जुना संगणक इंटरनेटपासून तोडून जपून ठेवला आहे. जुने अंक युनिकोडमध्ये आणीत आहोत. त्यात रफार आणि जोडाक्षरे हटकून घसरतात, म्हणून प्रत्येक नाव छापील अंकाशी ताडून पाहावे लागते. आणि पूर्ण बदल करायचा तो गाळप बंद झाल्यावरच. चालत्या मिलचे ओव्हरहॉलिंग कोणी करते का?

आपल्या घरी फडताळात जुने छापील अंक असतील, तर कृपया कचेरीत दाखवावेत. ताडून लगेच परत करू. आपल्या वाडवडिलांचे नाव चुकीचे उमटू नये, एवढ्यासाठीच ही विनंती.

पुनव आपल्या हाती नाही. जाळी शिवणे मात्र आहे.