‘तुटले’ आणि ‘तोडले’ : नवोदित विमा-सर्वेक्षकापुढील एक अडचण

विमा-सर्वेक्षकाचा व्यवसाय पत्करणाऱ्या तरुणास प्रारंभी असे वाटते की, आपले काम नुकसानीची मोजदाद करण्याचे आहे. परीक्षा व अनुभवी सर्वेक्षकाच्या हाताखालील उमेदवारी यांतून ती मोजदाद साधतेही. खरी अडचण उपस्थित होते ती जबानी लिहून घेताना.

घरफोडीच्या विम्याचे उदाहरण घेऊ. घरफोडीच्या व्याख्येत बळाने आत शिरण्याची अट असेल, तर बळाच्या वापरावाचून झालेल्या चोरीची भरपाई मागता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला. मराठीतही हा भेद आहे. ‘घरफोडी’ या शब्दात ‘फोडणे’ या क्रियेचे बळ अंतर्भूतच आहे. परंतु दुकानदार व्यवहारात दोहोंना ‘चोरी’च म्हणतो. त्या एका शब्दावरून त्याचा दावा अग्राह्य ठरविणे अन्यायाचे होय.

याहून सूक्ष्म भेद क्रियापदांत आढळतो. ‘कुलूप तुटले होते’ हे अकर्मक रूप केवळ अवस्था सांगते. ‘कुलूप तोडले होते’ या सकर्मक रूपात कर्ता अनुक्त असला तरी गृहीत असतो. नवोदित सर्वेक्षक ऐकलेले ‘तुटले’ नकळत ‘तोडले’ असे लिहितो, किंवा ‘तोडले’चे ‘तुटले’ करतो. दोन्ही प्रकारे साक्षच पालटते, आणि तीबरोबर भरपाईचा निर्णयही.

म्हणून उच्चारलेला शब्द जसाच्या तसा टिपावा. तो जे सांगत नाही, ते कडी-कोयंड्यावरील खुणांवरून पडताळावे.