लुंबिनीला जाताय? बस सुटण्याआधी विहारातच सगळ्यांचे फोन तपासा

तथागतांच्या जीवनाशी जोडलेल्या चार प्रमुख स्थळांपैकी बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर ही तीन भारतात आहेत. चौथे, जन्मस्थळ लुंबिनी, नेपाळमध्ये आहे. हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी लुंबिनीला जाणे म्हणजे परदेशी जाणे, असे कुणाला वाटत नाही. व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र चालते, सोनौलीची कमान ओलांडली की पलीकडे हिंदी समजणारीच माणसे भेटतात. माणसाला सीमा जाणवत नाही. फोनला मात्र ती लगेच कळते, आणि त्या क्षणापासून रोमिंगचा हिशेब सुरू होऊ शकतो.

बेल्ह्यासारख्या गावातून धम्मयात्रेला निघणाऱ्यांत वयस्कर उपासक-उपासिका जास्त असतात. वर्षभर थोडे थोडे बाजूला टाकून त्यांनी यात्रेचे पैसे भरलेले असतात. फोन नातवाने घेऊन दिलेला, सेटिंग कुणी तरी करून दिलेले. अशा माणसाला परत आल्यावर वाढीव बिल आले, तर ‘मी तर एकही फोन केला नाही’ एवढेच तो सांगू शकतो. आणि ते खरेच असते.

पैसे कशाचे कापले जातात?

काही वर्षांपूर्वीपर्यंत राज्य ओलांडले की रोमिंग लागायचे. आता देशात ते उरलेले नाही, म्हणून आपण तो शब्दच विसरलो. देशाबाहेर मात्र तो नियम कायम आहे. रोमिंग सुरू असेल आणि पॅक घेतलेला नसेल, तर केलेल्या फोनचे पैसे लागतातच, पण आलेला फोन उचलला तरी लागतात.

त्याहून मोठा खर्च इंटरनेटचा. फोन खिशात असतानाही व्हॉट्सॲपवरचे व्हिडीओ आपोआप उतरत असतात, ॲप अपडेट होत असतात, फोटोंचा बॅकअप चालू असतो. आजच्या फोनचा एक फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा. मायादेवी मंदिर आणि अशोकस्तंभापाशी १०० फोटो काढले, तर ३०० ते ५०० एमबी झाले. समजा, एका एमबीला एकच रुपया धरला, तरी ५०० रुपये. पॅकशिवायचा दर याहून जास्त असू शकतो. प्रीपेडमध्ये शिल्लक संपली की गाडी थांबते. पोस्टपेडचे बिल मात्र घरी आल्यावर कळते.

सीमेच्या अलीकडेच सावध व्हा

टॉवरची लहर सीमेवर थांबत नाही. नौतनवा किंवा सोनौलीत मुक्काम असेल, तर आपण भारतात असतानाही फोन नेपाळचे नेटवर्क पकडू शकतो. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे घड्याळ. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे आहे. फोनवरची वेळ अचानक १५ मिनिटे पुढे गेली, तर त्याने बहुधा पलीकडचा टॉवर धरला आहे. अशा वेळी सेटिंगमध्ये नेटवर्कची आपोआप निवड बंद करून आपली कंपनी हाताने निवडावी. बस सुटण्याची वेळ सांगतानाही ‘भारताचे आठ की नेपाळचे आठ’ हे स्पष्ट सांगावे.

गोरखपूर सोडतानाच प्रत्येकाच्या फोनमधले ‘डेटा रोमिंग’ बंद आहे ना, हे पाहावे. मोबाइल डेटाही बंद करावा. व्हॉट्सॲपचे आपोआप डाउनलोड आणि फोटोंचा बॅकअप तर गावातूनच बंद करून निघावे.

सगळ्यांनी खर्च करायची गरज नाही

चाळीस जणांच्या यात्रेत चाळीस पॅक लागत नाहीत. यात्राप्रमुख आणि आणखी एक जण, अशा दोघांनी नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेलचे सिम घेतले तरी काम भागते. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र आणि फोटो जवळ ठेवावेत. त्या फोनच्या हॉटस्पॉटवरून इतरांना घरी व्हॉट्सॲप कॉल करता येतो. दुसरे सिम टाकले तरी व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालते. ‘नंबर बदला’ असे विचारले तर नकार द्यावा. घरच्यांचे नंबर +९१ लावून जतन करावेत, नाहीतर तिकडून लागणार नाहीत.

ज्याला बँकेचे ओटीपी हवेत किंवा ज्याच्या घरी आजारपण आहे, त्याने आपल्या कंपनीचा रोमिंग पॅक घ्यावा. तो भारतातच घ्यावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात: देशांच्या यादीत नेपाळ आहे का, येणारे फोन त्यात धरले आहेत का, आणि मुदत पॅक घेतल्यापासून मोजतात की पहिल्या वापरापासून.

फोन बंद म्हणजे माणूस हरवायला नको

बिलाच्या भीतीने सगळ्यांचे फोन बंद करून ठेवणे हा उपाय नव्हे. लुंबिनीचा परिसर मोठा आहे, गर्दीत एखादी आजी मागे राहू शकते. म्हणून यात्राप्रमुखाचा नेपाळी नंबर चिठ्ठीवर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्यावा. चुकलेल्या माणसाने ती चिठ्ठी कुठल्याही दुकानदाराला दाखवली, तर तो स्थानिक दरात फोन लावू शकतो. साधा बटणांचा फोन असलेल्यांसाठी तर हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

इतके करूनही चुकीचे बिल आले, तर गप्प बसून भरू नये. कंपनीकडे तक्रार करून तक्रार क्रमांक घ्यावा. समाधान झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. ज्येष्ठांना हे अर्ज जमत नाहीत. ते आपण लिहून द्यायचे.

धम्मदीक्षेनंतर महिन्याभरातच, नोव्हेंबर १९५६ मध्ये, प्रकृती साथ देत नसतानाही बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. देशाबाहेरच्या बौद्धांशी नाते जोडण्याचा तो रस्ता आज गावागावातली माणसे चालत आहेत. त्यांच्या यात्रेची पावती फाडणे, बस ठरवणे एवढ्यावर कार्यकर्त्याचे काम संपत नाही. निघण्याच्या आदल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक तास ठेवा. शिकलेल्या मुला-मुलींनी प्रत्येकाचा फोन हातात घ्यावा, सेटिंग करून द्यावे, आणि काय केले ते समजावूनही सांगावे. पुढच्या यात्रेला त्या आजीनेच दुसरीला शिकवले पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!