रेस दिली की चालते, सोडली की बंद

पावसाळ्यात शेडमध्ये पडून राहिलेले छोटे आउटबोर्ड इंजिन होडीला परत बसवले, की कोकणच्या खाड्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, तेव्हा कुठे इंजिन सुरू होते. रेस ठेवली तर होडी झकास पळते; पण धक्क्याला लागताना किंवा जाळे ओढताना रेस खाली आणली की ते अडखळते आणि बंद पडते. पहिला संशय प्लगवर जातो, दुसरा इग्निशन कॉइलवर, आणि दुरुस्तीआधीच खिशाला चाट बसते. खरे तर वरच्या चालीत नीट धावणारे इंजिन दोष कुठे आहे ते स्वतःच सांगत असते. पूर्ण रेसवर ते जोर धरते, म्हणजे ठिणगी पडते आहे, कॉम्प्रेशन बऱ्यापैकी आहे आणि टाकीतून पेट्रोलही येते आहे. मग उरतो तो कार्बोरेटरमधला मंद चालीचा मार्ग, आणि शोध तिथूनच सुरू करायला हवा.

कार्बोरेटरला पेट्रोल ओढून घ्यायला हवेचा वेग लागतो. रेस दिली की झडप उघडते, अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते, तिथला दाब उतरतो आणि मोठ्या जेटमधून पेट्रोल वर येते. झडप जवळजवळ मिटलेली असताना हे घडत नाही. तेव्हा पेट्रोल येते ते झडपेच्या कडेशी असलेल्या बारीक छिद्रांतून, आणि त्यांना पेट्रोल पुरवणाऱ्या स्लो जेटचे भोक बहुतेकदा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते. मोठ्या जेटमधून सहज निघून जाणारा कचरा इथे वाट अडवतो. दोरी ओढतानाही इंजिन हळूच फिरते, म्हणून सुरू होताना त्याची भिस्त याच मार्गावर आणि चोकवर असते. सुरू व्हायला त्रास आणि मंद चालीत मरण, या दोन तक्रारी त्यामुळे एकाच दुखण्याच्या ठरतात.

हा कचरा येतो कुठून? पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मासेमारीबंदी असते. तेवढ्या काळात फ्लोटच्या वाटीत राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळ राहते. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलही तिथेच घट्ट होऊन बसते. 2025 मध्ये देशातल्या पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण सुमारे 20 टक्क्यांवर पोचले. इथेनॉल हवेतली ओल शोषते, आणि पाणी फारच वाढले तर दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. तेल मात्र वरच्या पेट्रोलातच राहते. टाकीतली नळी तळातूनच ओढते, तेव्हा वंगणच नसलेले मिश्रण इंजिनात जाऊ शकते. तरीही सगळे खापर इथेनॉलवर फोडणे अन्यायाचे होईल. साधे पेट्रोलही महिनोन्‌महिने साचून राहिले की राळ सोडतेच.

दोष मंद चालीच्या मार्गातच आहे, यावर जाणकार मेकॅनिक म्हणेल, ठिणगी कमजोर असली तरी इंजिन मंद चालीत बंद पडते. बरोबर आहे, म्हणून प्लग काढून बघावाच. त्याला पैसे पडत नाहीत. बरीच ओढाओढ करूनही तो कोरडा निघाला तर पेट्रोल पोचलेले नाही. ओला आणि काळा निघाला तर ठिणगी कमजोर आहे किंवा पेट्रोल जास्त होते आहे, आणि तिथे नवा प्लग घालून पाहणे योग्यच. दुसरी परीक्षा चोकची. इंजिन मंद चालीत मरायला लागले की चोक थोडा ओढावा. ते सावरले तर त्याला पेट्रोल कमी पडत होते. यावरचा आक्षेप मात्र अधिक वजनदार आहे: कार्बोरेटरच्या गॅस्केटमधून जादा हवा शिरत असेल, तरी चोकने इंजिन सावरतेच. त्यामुळे जेट उघडण्याआधी नट घट्ट आहेत का, गॅस्केट फाटले आहे का, हे पाहून घ्यावे. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना आणि पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबल्यावर कडक होतो ना, हेही क्षणात कळते.

सर्वांत फसवा इलाज म्हणजे आयडलचा स्क्रू पिळून चाल वाढवणे. इंजिन बंद पडायचे थांबते, म्हणून तो लोकप्रिय आहे. पण वाढलेल्या चालीत गिअर टाकला की दणका बसतो आणि गिअरचे दात झिजू लागतात. बंद पडलेला जेट बंदच राहतो. जेट काढून कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवावा आणि हवेने फुंकावा; डोळ्यांवर चष्मा हवा. तार खुपसू नये, कारण पितळेचे भोक मोठे झाले तर पेट्रोलचे माप कायमचे बिघडते. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो अलगद आत फिरवून किती फेऱ्यांत टेकतो ते लिहून ठेवावे आणि बसवताना तेवढ्याच फेऱ्या सोडाव्यात. मग इंजिन पाण्यात ठेवूनच सुरू करावे. कोरडे चालवले तर पाण्याच्या पंपाची रबरी फिरकी थोड्याच वेळात जळते. इतके करूनही मंद चाल टिकली नाही, तर कॉम्प्रेशन, रीड व्हॉल्व्ह आणि क्रँकच्या सीलकडे वळावे.