ताईचा निकाल आणि आमचे घर



भिंतीवरच्या या अंकासाठी गुरुजींनी प्रत्येकाला आपल्या माहितीचा एक विषय घ्यायला सांगितला. कोणी कपाशी घेतली, कोणी पोळा घेतला. मी नवोदयची परीक्षा घेतली. कारण सध्या आमच्या घरात दुसरा विषयच नाही. माझी ताई आपल्याच शाळेत पाचवीत आहे. तिने थंडीत परीक्षा दिली. आता हरभरा सोंगून झाला, ऊन तापायला लागले, तरी निकाल लागला नाही. आमच्या घरचे सारे जण वाट पाहून राहिले आहेत. पुढच्या वर्षी आपला वर्ग पाचवीत जाईल, तेव्हा आपलीही पाळी येईल. म्हणून ही माहिती सर्वांच्या कामाची आहे.

जवाहर नवोदय विद्यालय ही केंद्र सरकारची निवासी शाळा आहे. तिथे सहावी ते बारावीची मुले आणि मुली राहून शिकतात. राहणे, जेवण, पुस्तके आणि गणवेश सरकार देते. नववीपासून काही मुलांना महिन्याला फी भरावी लागते, पण मुलींना ती माफ आहे. खेड्यातल्या हुशार मुलांना शहरातल्यासारखे चांगले शिक्षण मिळावे आणि पैशांसाठी त्यांचे अडू नये, म्हणून ही शाळा काढली. आता देशात अशा साडेसहाशेपेक्षा जास्त शाळा आहेत. त्यांना पंडित जवाहरलाल नेहरूंचे नाव दिलेले आहे.

आता एक अभिमानाची गोष्ट सांगतो. ही योजना राजीव गांधी पंतप्रधान असताना सुरू झाली. आधी नुसते करून पाहायचे म्हणून १९८५-८६ साली देशात फक्त दोन शाळा काढल्या. एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला! गुरुजींनी हे सांगितले तेव्हा सारा वर्ग एकदम ओरडला. एवढ्या मोठ्या देशात पहिल्या दोनांत आपला जिल्हा. बाबांना घरी जाऊन सांगितले, तर ते म्हणाले, "मंग तं ताईचं नाव लागलंच पाह्यजे." मला वाटले, उगाच सांगितले.

परीक्षेला कोणाला बसता येते? जो पाचवीत शिकतो त्याला. ज्या जिल्ह्यात शाळा, त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी अर्ज करायचा. अर्जाला पैसे लागत नाहीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही परीक्षा एकदाच देता येते. यंदा राहिली तर पुढच्या वर्षी देऊ, असे चालत नाही. विद्यालयातील निदान पाऊणपट जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे खेड्यातल्या शाळेत शिकलेली असावी लागतात. म्हणजे आपण आता चौथीत बसलो आहोत, तेही मोजले जाते.

परीक्षा दोन तासांची असते. प्रश्न ८० आणि गुण १००. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा गुण आणि वेळ दीड मिनिट. प्रश्नांचे तीन भाग असतात. पहिला भाग बुद्धिमत्तेचा, त्यात ४० प्रश्न. वेगळी आकृती ओळखा, आरशात कशी दिसेल ते सांगा, अशा गमतीच्या आकृत्या असतात. दुसरा भाग गणिताचा, २० प्रश्न. तिसरा भाषेचा, २० प्रश्न. उत्तर लिहायचे नसते. चार पर्यायांतला एक निवडून उत्तरपत्रिकेवरचा गोल पेनाने काळा करायचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल कोरा सोडू नये. ताई आरशाच्या आकृत्यांसाठी आईचा आरसा घेऊन ओसरीत बसायची. एकदा तो फुटला. आई रागावली नाही. तेव्हाच मला समजले की ही परीक्षा साधी नाही.

आता जागांचा हिशोब सांगतो. एका विद्यालयात सहावीसाठी जास्तीत जास्त ८० मुले घेतात. त्यातल्या निदान एक तृतीयांश मुली असतात. अमरावती जिल्ह्यात १४ तालुके आहेत. मी ८० ला १४ ने भाग दिला. भागाकार आला ५ आणि बाकी उरली १०. आपल्या एकट्या दर्यापूर तालुक्यात किती गावे, किती शाळा! आणि प्रत्येक शाळेत हुशार मुले आहेतच. मग बाकीच्यांनी काय अभ्यास केला नाही काय? केलाच असेल. पण पाच जणांच्या बाकावर पन्नास जण बसू शकत नाहीत. यात पन्नास जणांची चूक नाही, बाक लहान आहे.

माझी आत्या मूर्तिजापूर तालुक्यात राहते. आमच्या गावाहून ती जागा दूर नाही, पण तिथे अकोला जिल्हा लागतो. माझा आत्तेभाऊही यंदा पाचवीत आहे. त्याने अकोल्याच्या नवोदयसाठी परीक्षा दिली. प्रश्न तसेच सोडवले, पण ताईची आणि त्याची यादी वेगळी. अकोल्यात तालुके ७ आहेत. मी तिथलाही भागाकार केला. ११ आले, बाकी ३. मी फोनवर आत्याला म्हटले, "तुमचं सोपं हाय." आत्या म्हणाली, "बाप्पा, सोपं कायचं? इकडंही लेकरं कमी हायेत काय?" गुरुजीही म्हणाले की नुसत्या तालुक्यांनी भागून चालत नाही, मुले किती बसली तेही पाहावे लागते. म्हणजे माझा भागाकार बरोबर होता, पण गणितच चुकीचे मांडले होते.

निकाल नवोदय समितीच्या संकेतस्थळावर लागतो. हजेरी क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की कळते. जिल्ह्याच्या विद्यालयातही यादी लावतात. नाव लागले म्हणजे सारे झाले असेही नसते. नंतर कागदपत्रे तपासतात. कोणी गेले नाही किंवा कोणाचे कागद बसले नाहीत, तर मागे थांबलेल्या मुलांच्या यादीतून पुढचे नाव घेतात. निवड परीक्षेतल्या गुणांवर आणि सरकारच्या राखीव जागांच्या नियमांनी होते. त्यामुळे "मी नाव लावून देतो, पैसे द्या" असे कोणी म्हटले तर एक रुपयाही देऊ नये, असे गुरुजींनी पालकसभेत सांगितले.

आता आमच्या घरी कशी वाट पाहतात ते सांगतो. बाबा रोज रात्री मोबाईल घेऊन गच्चीवर जातात, कारण खाली रेंज नसते. वरून हळूच उतरतात आणि काही बोलत नाहीत. म्हणजे आजही नाही. आईने शेगावच्या गजानन महाराजांना नारळ बोलला आहे. आजी गुरुवार धरते. ताई मात्र काहीच करत नाही. ती पूर्वी दुकानात साखर आणायला पळत जायची. आता मला पाठवते. कारण दुकानात, हातपंपावर, एस.टी.च्या थांब्यावर जो भेटतो तो विचारतो, "काय वं, लागला काय निकाल?" तिच्या वर्गातल्या आणखी एका मुलीनेही परीक्षा दिली. दोघी एका बाकावर बसतात. त्या सगळे बोलतात, पण निकालाचे एकमेकींशी बोलत नाहीत.

एका रात्री मला झोप लागली नव्हती. आई बाबांना म्हणाली, "नाव लागलं तं पोरगी एवढ्याशा वयात घरून जाते. नाही लागलं तं तिचं मन मोडते. मले दोन्हीकून धाक वाटते." बाबा म्हणाले, "मले शिकता नाही आलं. तिनं तरी शिकावं." मग दोघेही चूप झाले. आईला आणखी एक धाक आहे. नवोदयमध्ये नववीतल्या काही मुलांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात, आणि तिकडची मुले इकडे येतात. सगळ्यांनी एकमेकांची भाषा शिकावी, देश पाहावा, म्हणून असे करतात. आई म्हणते, तिथे तिला भाकर कोण देईल?

आता मी एक खरी गोष्ट लिहितो. मी देवाला गुपचूप म्हटले होते, की ताईचे नाव लागू देऊ नको. ती गेली तर मला गणित कोण समजावून देईल आणि रात्री भूतांच्या गोष्टी कोण सांगेल? मग मला फार वाईट वाटले. मी ताईला सांगून टाकले. मला वाटले ती मारेल. ती म्हणाली, "मीबी एकदा तसंच म्हटलं होतं." आम्ही दोघेही हसलो. पण नंतर ती रडली.

ही गोष्ट मी गुरुजींना सांगितली. गुरुजी संध्याकाळी आमच्या घरी आले. चहा पिता पिता त्यांनी बाबांना विचारले, "नाव लागलं नाही तर काय करायचं, ते पोरीला सांगून ठेवलं का?" बाबांनी मान हलवली. आपल्या शाळेत पाचवीपर्यंतच वर्ग आहेत. मग त्याच दिवशी ठरले. नाव लागले तर ताई नवोदयला जाईल आणि भेटीच्या दिवशी आम्ही सारे तिला भेटायला जाऊ. नाही लागले तर ती एस.टी.ने दर्यापूरच्या शाळेत जाईल. बाबा तिला म्हणाले, "दोन्ही रस्ते शाळेतच जातात. तू कायले भेतं?" त्या रात्री ताई पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी साखर आणायलाही तीच गेली.

निकाल अजून लागला नाही. बाबा अजून गच्चीवर जातात. पण आता खाली आल्यावर ताईला सांगतात, "आज बी नाही लागला, झोप आता." तेवढ्याने घर हलके वाटते.

मित्रांनो, पुढच्या वर्षी आपण परीक्षेला बसू तेव्हा मन लावून अभ्यास करू. पेपर दिल्यावर मात्र आपल्या हातात काही राहत नाही. आणि आईबाबांनो, तुम्हाला लहान तोंडाने एक विनंती आहे. रस्त्यात माझी ताई किंवा तिची मैत्रीण भेटली, तर निकाल लागला काय असे विचारू नका. जेवली काय, असे विचारा.



इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी